८ हजारांचं लॅब्राडोर, ३० हजारांचं लॅब्राडोर: पिल्लू विकणाऱ्यांची पारख

पुण्या-मुंबईत लॅब्राडोरचं पिल्लू शोधायला निघालं की आठवड्याभरात ८ हजारांपासून ४० हजारांपर्यंत सगळे भाव कानावर येतात. मोबाइलवर आलेल्या फोटोंत मात्र सगळी पिल्लं सारखीच गुबगुबीत असतात. मग माणूस साहजिकच विचारतो, की स्वस्तातलं का घेऊ नये? पिल्लाच्या भावातला मोठा वाटा त्याच्या आईवर झालेल्या खर्चाचा असतो आणि तो फोटोत येत नाही, हे त्याचं उत्तर. म्हणून इथे परीक्षण पिल्लांचं नसून ती विकणाऱ्यांचं आहे: पेट शॉप, दलाल, घरी एखादं वेत करणारे आणि नोंदणीकृत ब्रीडर. उदाहरण सगळीकडे लॅबचंच घेतलं आहे, कारण सर्वांत जास्त मागणी त्यालाच असते. आकडे ढोबळ आहेत, शहरागणिक कमीजास्त होतील.

आधी हिशेब मांडू. एक नीट ठेवलेली लॅब मादी वर्षातून एकदाच वेत देते. कायद्यानेही १२ महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. त्यामुळे तिचा वर्षाचा सगळा खर्च त्या एका वेतावर पडतो. चांगलं खाणं महिन्याला ४,००० रुपये धरलं तर वर्षाचे ४८,०००. लसी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, तपासण्या मिळून १०,०००. खुब्याचे एक्स-रे आणि डीएनए चाचण्या आयुष्यात एकदाच होतात. त्यांचे २०,००० चार वेतांत वाटले तर वाट्याला ५,००० येतात. मेटिंगचा दिवस ठरवायला दोन-तीन प्रोजेस्टेरॉन चाचण्या, गाभण असल्याची सोनोग्राफी आणि स्टडचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या नराचा, मोबदला धरून ३२,०००. स्टडच्या बदल्यात एक पिल्लू द्यायचीही पद्धत आहे, हिशेब तोच. सात पिल्लं झाली तर चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचं खाणं प्रत्येकी २,००० प्रमाणे १४,०००. पहिली लस, जंताचे डोस, मायक्रोचिप, डॉक्टरांची तपासणी प्रत्येकी २,५०० प्रमाणे १७,५००. बेरीज १,२६,५०० होते, म्हणजे एका पिल्लामागे साधारण १८,०००. यात रात्री जागणाऱ्या माणसाची मजुरी नाही, सिझेरियन नाही आणि एखादं पिल्लू दगावलं तर त्याचा वाटाही नाही. २५ ते ३५ हजार मागणारा ब्रीडर वरच्या गोष्टी खरंच करत असेल, तर तो तुम्हाला लुबाडत नाही.

मग ८ हजारांत कसं परवडतं? वरच्या यादीवर एकेक काट मारत गेलं की परवडतं. मादीला दर माजाला, म्हणजे वर्षातून दोनदा लावायचं. नर घरचाच, बऱ्याचदा तिचाच भाऊ किंवा मुलगा. चाचणी एकही नाही. आणि सर्वांत मोठी काट वयात असते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं सर्वांत जास्त खातात, सर्वांत जास्त घाण करतात आणि पहिली लसही त्याच दिवसांत येते. ३० ते ३५ दिवसांचं पिल्लू विकून टाकलं की तो सगळा खर्च आणि राबणूक गिऱ्हाइकाच्या घरी जाते. ‘लहान असताना नेलं की लळा लागतो’ हे वाक्य बाजारात ऐकू येतं, त्यामागचं अर्थकारण एवढंच आहे. खरं पाहता याच तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. महिन्याभरात उचललेलं पिल्लू पुढे घरातल्या मुलांचे हात-पाय कडकडून चावतं. त्यात नुसता वात्रटपणा नसतो, हे शिक्षणच राहून गेलेलं असतं.

भाव वर-खाली करणाऱ्या बाकीच्या गोष्टींत काही रास्त आहेत, काही पोकळ. परदेशातून आणलेल्या किंवा शोमध्ये चॅम्पियन ठरलेल्या नराची पिल्लं महाग असतात. त्यात तथ्य आहे, पण घरात पाळायच्या कुत्र्याला त्याचा उपयोग थोडाच. नराला मादीपेक्षा हजार-दोन हजार जास्त मागतात, ते फक्त मागणीमुळे. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पगमध्ये डोकं मोठं आणि कटी अरुंद असल्याने सिझेरियन वरचेवर लागतं, वेतही लहान असतं, म्हणून त्यांचा भाव मुळातच चढा.

पोकळ शब्दांची यादी मात्र लांब आहे. ‘हेवी बोन’ हा काही वेगळा प्रकार नसतो. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे पाय सुजल्यासारखे जाड आणि पोट नगाऱ्यासारखं असेल, तर बऱ्याचदा तो अति खाण्याचा आणि जंतांचा परिणाम असतो. ‘पंच फेस’ पगचं नाक जितकं आत दबलेलं तितका त्याचा श्वास कोंडलेला, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेची आगाऊ रक्कम भरणं. ‘ट्रिपल कोट’ हस्की असं काही अस्तित्वातच नाही, हस्कीला केसांचे थर दोनच असतात. अगदी चिमुकलं म्हणून विकलं जाणारं ‘टीकप’, तर त्या नावाची कुठलीही जात नाही. लॅबचे मान्य रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी. ‘फॉक्स रेड’ ही पिवळ्याचीच गडद छटा आणि ‘व्हाइट लॅब’ ही फिकट. ‘सिल्व्हर’, ‘चारकोल’, ‘शॅम्पेन’ या पातळ झालेल्या रंगांना दुप्पट भाव सांगतात, पण रंग पातळ करणाऱ्या जनुकासोबत केस विरळ होऊन कातडी उघडी पडण्याचा त्रासही येऊ शकतो. रंगासाठी जादा पैसे मागणाऱ्याकडे बाकी काय तपासलं आहे ते विचारावं. बहुधा काहीच नसतं.

आता विक्रेत्यांकडे वळू.

पेट शॉपमधून पिल्लू घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानाचं प्रमाणपत्र खरं असलं तरी मूळ अडचण सुटत नाही, कारण तिथे आई दिसत नाही. चार ठिकाणची चार पिल्लं शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत असतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांवरून, हातांवरून, भांड्यांवरून फिरतो. जमिनीवर तो कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, एका भागाला ३० भाग पाणी या प्रमाणात. पिंजरे रोज त्याने धुतले जातात का, असं विचारून बघा.

दलालाची सेवा त्याहून वाईट. जाहिरातीत फोटो, फोनवर गोड बोलणं, मोबाइलवरून टोकन आणि ‘मी स्टेशनवर आणून देतो’ किंवा ‘टोलनाक्यावर भेटू’. गिऱ्हाइकाला घरी न बोलावणं हाच या धंद्याचा कणा आहे. असा फोटो आधी इंटरनेटवर उलट शोधून पाहावा, तोच फोटो तीन शहरांतल्या जाहिरातींत सापडतो. ‘आईसोबत व्हिडिओ कॉल करा’ म्हटलं की ‘आई गावाला आहे’ असं उत्तर येतं. यात फसवणूक कशी पचते तेही समजून घ्या. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. गाडीत चार वेतांची पिल्लं एकत्र आणताना लागण झालेली असते, पण पिल्लू हातात येतं तेव्हा ते उड्या मारत असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, आणि दलाल सांगतो की तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं. सलाइनवर पाच-सात दिवस काढावे लागले तर पिल्लाच्या किमतीपेक्षा बिल मोठं होतं, आणि एवढं करूनही लहान पिल्लू हातचं जाऊ शकतं.

घरी एखादं वेत करणाऱ्यांबद्दल सरसकट बोलता येत नाही. इथे एक मोठी जमेची बाजू असते: पिल्लं माणसांत वाढलेली असतात. मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा, लहान मुलांच्या आरड्याचा आवाज त्यांच्या सवयीचा असतो. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे अनुभवतं ते त्याला आयुष्यभर ‘ओळखीचं’ वाटतं, म्हणून शेडमध्ये वाढलेल्या पिल्लापेक्षा असं पिल्लू घरात लवकर रुळतं. उणी बाजू चाचण्यांची. ‘एकदा तरी वेत झालं की मादीची तब्येत चांगली राहते’ या समजुतीतून ओळखीच्या नराशी क्रॉस लावलेला असतो. ही समजूत चुकीची आहे आणि अशा घरात खुब्याच्या एक्स-रेचं नावही ऐकलेलं नसतं. भाव १२ ते १८ हजार असेल, आई-बाप दोघंही बघायला मिळत असतील आणि पिल्लं आठ आठवडे तिथेच राहणार असतील, तर दुकानापेक्षा हा पर्याय कितीतरी बरा.

नोंदणीकृत ब्रीडर हा चौथा प्रकार, पण ‘नोंदणीकृत’ या शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत आणि बाजारात ते मुद्दाम एकत्र केले जातात. एक नोंदणी सरकारी. केंद्राच्या २०१७ च्या कुत्रा प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. शुल्क ५,००० रुपये आणि मुदत दोन वर्षं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्राणी कल्याण मंडळाचं. मादी किमान १८ महिन्यांची असावी, ८ वर्षांनंतर तिच्याकडून वेत घेऊ नये, ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकू नये, मायक्रोचिप आणि लस झालेली असावी, शेपूट किंवा कान कापू नयेत, हे सगळं त्याच नियमांत आहे. डॉबरमनचे कान उभे करून देतो म्हणणारा माणूस नियम मोडतो आहे, हे त्याच्या एका वाक्यातच कळतं. प्रमाणपत्र बघताना मुदतीची तारीख आणि पत्ता बघा. पिल्लं ज्या जागी आहेत तोच पत्ता हवा.

दुसरी नोंदणी केनेल क्लब ऑफ इंडियाची, म्हणजेच बाजारातले ‘केसीआय पेपर’. हा कागद पिल्लाचे आई-बाप आणि आजे-पणजे कोण ते सांगतो. तब्येतीबद्दल तो काहीही सांगत नाही. खुबे मोडके असलेल्या कुत्र्याचेही पेपर अगदी खरे असू शकतात. वंशावळीत एक गोष्ट मात्र नक्की बघावी: आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच ते नाव पुन:पुन्हा येत असेल, तर नात्यातला संबंध आहे. ‘पेपर नंतर पाठवतो’ यावर विश्वास ठेवू नका, आणि ‘पेपरसहित ३० हजार, पेपरशिवाय १८’ असा भाव सांगणाऱ्याकडून तर घेऊच नका. दोन्ही पालक नोंदवलेले असतील तर वेताची नोंदणी करायला इतका खर्च येत नाही. मायक्रोचिपचा क्रमांक १५ आकडी असतो आणि चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. पैसे देण्याआधी स्कॅनर फिरवून क्रमांक कागदाशी जुळवून घ्या. स्कॅनर नाही म्हणाला तर जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन जुळवा, तोवर पूर्ण रक्कम देऊ नका.

भेटीला गेल्यावर आधी पिल्लांकडे बघूच नये. ती गोड दिसणारच, आणि एकदा मांडीवर घेतलं की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. आधी आई बघा. दूध पाजणारी मादी थोडी रोड असते, केसही गळतात, ते चालतं. पण बरगड्या मोजता येत असतील, कोपरांवर गुळगुळीत जाड घट्टे पडले असतील आणि ती माणूस बघून कोपऱ्यात दबत असेल, तर ती सिमेंटवर बांधून ठेवलेली आहे. तिचा भित्रेपणा पिल्लांत उतरतो, काही रक्तातून आणि काही बघून. तिची स्तनं ओघळलेली नाहीत आणि पिल्लं तिच्याकडे धावत नाहीत, तर दाखवलेली मादी आई नाहीच असं समजा. अशी फसवणूक होते. नर तिथे नसणं वावगं नाही, चांगले ब्रीडर बहुधा बाहेरचा नर वापरतात. त्याचे कागद आणि चाचण्यांचे निकाल मात्र मिळायला हवेत.

चाचण्यांबद्दल विचारताना नेमकं विचारा. ‘आई-बाप हेल्दी आहेत ना?’ याला प्रत्येक जण हो म्हणतो. ‘दोघांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे कोणत्या वयात काढले? ग्रेड काय?’ असं विचारलं की माणूस उघडा पडतो. खुब्याचा दोष चालण्यावरून ओळखता येत नाही. तरुण लॅब स्नायूंच्या जोरावर तो लपवते आणि सातव्या-आठव्या वर्षी जिना चढेनाशी होते. एक्स-रे भुलीत, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढतात. अमेरिकेतल्या पद्धतीत अंतिम ग्रेड २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते. लॅबसाठी दोन डीएनए चाचण्या महत्त्वाच्या: हळूहळू आंधळेपण आणणाऱ्या डोळ्यांच्या आजाराची, म्हणजे पीआरएची, आणि जोरात पळल्यावर मागचे पाय कोसळतात त्या ईआयसीची. दोन्ही दोष बाधायला पिल्लाकडे आई आणि बाप अशा दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. त्यामुळे एक पालक ‘क्लिअर’ (सदोष जनुक नसलेला) आणि दुसरा ‘कॅरियर’ (एकच सदोष जनुक असलेला) असला तरी पिल्लं आजारी पडत नाहीत. हे तुम्हाला समजावून सांगणारा आणि आपली मादी कॅरियर असल्याचं आपणहून बोलून दाखवणारा ब्रीडर भेटला, तर समजा योग्य ठिकाणी आलात.

मग पिल्लू हातात घ्या. आठ आठवड्यांची लॅब साधारण ४ ते ६ किलो भरते. तोंड उघडून पाहा: पुढचे दात, सुळे आणि दुधाच्या दाढा आलेल्या दिसतात. दाढांचा पत्ता नसेल आणि पुढचे दात नुकतेच फुटत असतील, तर पिल्लू चार-पाच आठवड्यांचं आहे, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. हिरड्या गुलाबी हव्यात, फिक्या असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त कमी झालं आहे. बेंबीजवळ मऊ गाठ, म्हणजे हर्निया, आहे का ते चाचपा. नराचे दोन्ही अंड साधारण आठव्या आठवड्यापर्यंत उतरलेले असतात. शेपटीखाली केस चिकट आणि ओले असतील तर हगवण आहे. मागून टाळी वाजवा, कान फिरले पाहिजेत. उचलून पाठीवर धरलं की क्षणभर वळवळून शांत होणारं पिल्लू पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराला सोयीचं.

लसीचं कार्ड हा खोटेपणाचा सर्वांत सोपा कागद आहे. बाटलीवरचं बॅच क्रमांक असलेलं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हे चारही हवेत. ३५ दिवसांच्या पिल्लाला ‘दोन डोस पूर्ण’ असं लिहिलेलं असेल तर ते खोटं तरी आहे किंवा निरुपयोगी तरी. आईच्या दुधातून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे फार लवकर दिलेली लस बहुधा लागू पडत नाही. प्रत्येक पिल्लात ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या वेळी ओसरतात, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस देतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दिलेलं असावं, कारण गोल जंत गर्भातच आईकडून पिल्लात येतात.

जबाबदार ब्रीडर तुमचीही चौकशी करतो. दिवसभर घरी कोण असतं, लिफ्ट आहे का, सोसायटीत आधी कुत्री आहेत का, सहा महिन्यांनी बदली झाली तर काय. याचा राग मानू नये. पिल्लू लगेच मिळेल असंही धरू नये: मेटिंगपासून बाळंतपणापर्यंत साधारण ६३ दिवस आणि त्यापुढे ५६, म्हणजे क्रॉस लागल्या दिवसापासून चार महिने. ‘कधीही या, कुठल्याही जातीचं मिळेल’ म्हणणाऱ्याकडे पाच-सहा जातींचा साठा असतो. एका माणसाला एक किंवा फार तर दोन जाती नीट सांभाळता येतात.

पावती आणि करार लेखी हवा. त्यात चिप क्रमांक, जन्मतारीख, पालकांची नावं, ४८ ते ७२ तासांत तुमच्या डॉक्टरांनी संसर्ग किंवा जन्मजात दोष शोधला तर पैसे परत, आणि कुठल्याही वयात सांभाळता आलं नाही तर कुत्रं ब्रीडरकडेच परत, एवढं असलं की पुरे. शेवटचं कलम लिहून द्यायला जो तयार होत नाही, त्याच्याकडे भाव कितीही कमी असो, थांबू नका. आणि तपासणी खरोखर दोन दिवसांत करून घ्या, आठवड्याने केलेल्या तपासणीला करारात किंमत उरत नाही.

ज्यांना लॅबच हवं असं नाही, त्यांनी कारवान, म्हणजे मुधोळ हाऊंडचा विचार करावा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, आणि आपल्याकडे जत, सोलापूर, लातूर भागात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या शेतावर आहेत. आपलं ऊन त्यांना सोसतं. पण हे पळणारं कुत्रं आहे. दोन खोल्यांच्या घरात, रोज मोकळं धावायला न मिळता ते कुढतं, आणि ससा किंवा मांजर दिसलं की हाक ऐकत नाही.

ब्रीडरला विचारायचा एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: वेतं थांबवलेल्या माद्यांचं काय करता? चांगल्या ठिकाणी त्या घरातच पाय पसरून झोपलेल्या दिसतात, किंवा नसबंदी करून चांगल्या घरी दिल्या जातात. पाच-सहा वर्षांची अशी लॅब बऱ्याचदा फक्त नसबंदीच्या खर्चात मिळते. घरात शी-शू न करण्याची सवय, पट्ट्यावर चालणं, शांत स्वभाव हे सगळं तयार. तिचे दात, वजन आणि स्तनांतल्या गाठी तेवढ्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. साठीच्या पुढच्या जोडप्याला आठ आठवड्यांच्या पिल्लापेक्षा ती कितीतरी जास्त झेपते.